पाठीमागचा नंबर

इतवारीत, भांडेवाल्यांच्या ओळीमागे माझं दुकान.
शाळांचे बिल्ले, दारावरच्या पाट्या, रबरी शिक्के.
मे संपता संपता ऑर्डरी येतात,
मॉनिटर दोनशे, सफाईमंत्री साठ,
आणि आम्ही भट्टीपुढे, बाहेर सत्तेचाळीस अंश.
कूलर लावता येत नाही.
मिन्याला वारा सोसत नाही.

कामठीचा ताहेरअली छावणीचं भंगार आणायचा,
बकलं, तोट्या, फुटके बिगूल.
एकदा त्याने तराजूत टाकला एक क्रूस:
"चांदी आहे. साडेदहा ग्रॅम. बोल."
पुढच्या अंगाला घोडेस्वार, भाला,
भाल्याखाली वळवळणारं काहीतरी.
मागे आडव्या दांडीवर ठोकलेला नंबर,
डावीकडे पाचशे अडतीस, उजवीकडे दोनशे सतरा.
ठोकणाऱ्याचा हात शेवटच्या सातावर
किंचित घसरला होता.
तेवढं मला कळलं. अक्षरं नाही कळली.

मग बावीस वर्षं गेली त्या अक्षरांपायी.
झारच्या फौजेतला शिपायाचा क्रूस, चौथा दर्जा.
त्यानंतर आणखी सहा आले, कुठून कुठून:
लाल मिन्याचा एक, तलवारीच्या मुठीवर बसवायचा, बटणाएवढा.
एकावर संताच्या जागी दोन डोक्यांचा गरुड,
परधर्माच्या माणसासाठी वेगळा साचा.
म्हणजे तिथेही कोणीतरी असा बसला असेल,
साचा बदलत, घाम पुसत.
दोन नकली निघाले.
कागद न बघता ओळखले मी,
मिना इतका गुळगुळीत माणसाकडून होत नाही.

फीत नव्हती. नारंगी-काळी हवी,
तीन काळ्या रेघा, दोन नारंगी.
गोळीबार चौकात रुखमांगद पौनीकराकडे गेलो.
"किती वार?"
"वीतभर."
"वीतभरासाठी माग लावू का गा?"
लावला. पैसे घेतले नाहीत.
नारंगी मात्र त्याने आपल्या मनाची घातली,
अंबिया बहाराची.

दिल्लीहून एक जण आला होता, अत्तर लावून.
तुमचा हात आहे, म्हणाला, वीस करून द्या,
जुनं दिसायचं मी बघतो.
रात्रभर झोप नाही लागली.
करता आले असते. हीच तर खोड आहे.

पीटर्सबर्गला पत्र घातलं होतं, नंबर लिहून.
आठ महिन्यांनी उत्तर आलं, नीट टाइप केलेलं:
आधीचं पान आहे. नंतरचं आहे.
हे पान नाही.

त्याच दिवाळीला शकुनने कपाट आवरलं.
मी आलो तर परातीत पितांबरी, चिंचेचा कोळ,
आणि सातही जण न्हाऊन धुऊन
वर्तमानपत्रावर वाळत.
"काळेकुट्ट पडले होते जी. घासून देले."
शंभर वर्षांचा काळोख मोरीतून वाहून गेला होता.
तीन दिवस मी बोललो नाही. जेवलो मात्र.
चौथ्या दिवशी ताट वाढताना तीच म्हणाली:
"ज्याचा होता त्यानंही घासलाच असेल ना,
परेडच्या आदल्या राती?
का तोही तुमच्यासारखा जपत बसला असेल, काळा होऊ देत?"

मी भात कालवला.
मग उठून, उष्ट्या हाताने नाही, धुऊन,
क्रूस दिव्याखाली धरला.
घसरलेला सात अजून तिथेच होता.

यंदापासून मॉनिटरच्या बिल्ल्यामागे
मी नंबर ठोकतो, एकेक, हाताने.
वही ठेवली आहे, नंबरापुढे मुलाचं नाव,
शाळेकडून मागवून.
हेडमास्तर वैतागले, ऑर्डरीला उशीर होतो म्हणून.
कशाला हे, म्हणाले, वर्षाचा तर बिल्ला.
मी म्हटलं,
हरवला तर.